फोन ऐकला गेला, हे तुम्हाला सांगणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिक जिल्ह्यातल्या एका पाणी-आंदोलनातले कार्यकर्ते विचारतात: "बैठकीत न बोललेली, फक्त फोनवर झालेली गोष्ट पोलिस निरीक्षकांनी आम्हाला तोंडावर ऐकवली. आमचे फोन टॅप होत असणार. हे कायदेशीर आहे का? खात्री कशी करायची? आणि उद्या केस झालीच तर ते रेकॉर्डिंग आमच्याविरुद्ध चालेल का?"

मी फौजदारी वकिली करतो. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा), लाचलुचपत, क्वचित यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) अशा प्रकरणांत टॅपिंगच्या ट्रान्सक्रिप्टचे गठ्ठे वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी संशयाचं बघू. तालुक्याच्या पातळीवर पोलिसांना बातमी मिळण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत: पोलिसांच्या गोपनीय शाखेचा कर्मचारी, तुमच्यातलाच एखादा, आणि दोनशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. टॅपिंगला मंत्रालयातून सही आणावी लागते, खबऱ्याला चहा पुरतो. त्यामुळे अशी शंका घेऊन कुणी आलं की मी पहिल्यांदा विचारतो, ज्याच्याशी फोनवर बोललात त्याने पुढे कुणाकुणाला सांगितलं? बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो. फोनमधली खरखर, क्लिक असा आवाज, बॅटरी लवकर उतरणं यातलं काहीही कायदेशीर टॅपिंगचं लक्षण नाही. ते तुमच्या हँडसेटमध्ये होतच नाही. कंपनीच्या नेटवर्कमध्ये तुमच्या कॉलची दुसरी प्रत निघते आणि यंत्रणेच्या सर्व्हरवर जाते, तुमच्या कानाला काही कळत नाही. 'स्टार हॅश 21 हॅश' दाबा आणि टॅपिंग ओळखा, असे व्हिडिओ फिरतात. त्या कोडने कॉल फॉरवर्डिंग चालू आहे का एवढंच कळतं.

दुसरी गफलत सीडीआरची. कुणी कुणाला, कधी, किती सेकंद फोन केला आणि तेव्हा टॉवर कुठला होता, याची यादी म्हणजे सीडीआर. त्यात बोलणं नसतं. ती तपासासाठी पोलिस अधीक्षक किंवा उपायुक्तांमार्फत मागवता येते, गृह सचिवांची परवानगी लागत नाही. म्हणून ती फार सहज बाहेर येते, आणि कधीकधी विकलीही जाते. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांची अशीच टोळी पकडली होती. तुमच्या आंदोलनात कोण कोणाच्या संपर्कात आहे हे कळायला सीडीआर पुरेशी असते. निरीक्षकांनी 'काय बोललात' हे सांगितलं की 'कुणाशी बोललात' हे, ते नीट आठवून पाहा. दोन्हींत फार फरक आहे.

आता समजा, खरंच टॅपिंग आहे.

कायदा मुळात 1885 चा, तारखात्याचा. त्याच्या कलम 5(2) मध्ये आधी एक अट होती: सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असावी किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज असावी. ही अट पुरी झाली तरच पुढची पाच कारणं पाहायची: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं. दूरसंचार अधिनियम 2023 च्या कलम 20(2) मध्ये हीच रचना जवळपास जशीच्या तशी आली. टॅपिंगची कार्यपद्धती सांगणाऱ्या जुन्या नियम 419-अ ची जागा 6 डिसेंबर 2024 च्या नव्या नियमांनी घेतली, पण सांगाडा तोच राहिला.

सगळी मेख त्या पहिल्या अटीत आहे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 ला निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी एक फार मोलाची गोष्ट नोंदवली: सार्वजनिक आणीबाणी काय किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न काय, ही गुप्त परिस्थिती असूच शकत नाही. ती कुठल्याही समंजस माणसाला दिसायला हवी. याचा अर्थ, 'धोका आहे, पण तो काय आहे ते सांगता येणार नाही' एवढ्यावर टॅपिंगचा आदेश टिकायला नको. धरणाच्या आवर्तनासाठी रास्ता रोको करणाऱ्यांमुळे सार्वजनिक आणीबाणी आली, असं कुठला समंजस माणूस म्हणेल? 'कायदेशीर आहे का' या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणूनच 'नाही' असं आहे. पण माझं मत काही आदेशावर येत नाही, तिथे सही दुसऱ्याची असते.

ती सही केंद्रात केंद्रीय गृह सचिवांची, राज्यात गृह विभागाच्या सचिवांची. ते उपलब्ध नसतील तर त्यांनी अधिकार दिलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी. तातडीच्या प्रसंगी पोलिस यंत्रणेतला वरिष्ठ अधिकारी, राज्यात किमान विशेष पोलिस महानिरीक्षक दर्जाचा, आधी टॅपिंग सुरू करू शकतो. मात्र तीन कामाच्या दिवसांत कळवायचं आणि सात कामाच्या दिवसांत मंजुरी मिळवायची. न मिळाल्यास बंद करायचं, आणि नव्या नियमांनुसार तोवर ऐकलेलं पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. आदेशाची मुदत 60 दिवस, वाढवून वाढवून जास्तीत जास्त 180.

कागदावर हे ठीकच दिसतं. यावर देखरेख करणारी पुनर्विलोकन समितीही आहे. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष, विधि विभागाचे सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या एखाद्या खात्याचे सचिव. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधि सचिव आणि दूरसंचार सचिव. दोन महिन्यांतून एकदा बसायचं आणि सगळे आदेश तपासायचे. म्हणजे मागणारा पोलिस खात्याचा, देणारा गृह खात्याचा आणि तपासणारा त्याच मंत्रालयातला वरचा माणूस. न्यायाधीश कुठेच नाही. 1996 मध्ये याचिकाकर्त्यांच्या वतीने राजिंदर सच्चर यांनी आधी न्यायिक परवानगी हवी असा आग्रह धरला होता, न्यायालयाने तो मानला नाही.

या समितीचं काम कसं चालतं, याचा एक अंदाज सरकारने नेमलेल्या समितीनेच दिला आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, 1992-93 च्या मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे आपल्याकडे माहीत असलेले, डेटा संरक्षणावरच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या 2018 च्या अहवालात नोंद आहे की केंद्रीय पुनर्विलोकन समितीपुढे दर बैठकीला 15,000 ते 18,000 आदेश तपासायला असतात. कॅबिनेट सचिव दुसरं काही न करता सलग आठ तास बसले, जेवायलाही उठले नाहीत, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. दोन सेकंदांत फाईलवरचा नंबरही वाचून होत नाही.

नंबर म्हणालो ते मुद्दाम. 2021 च्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की 2016-17 मध्ये त्यांचा फोन 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांचं कारण दाखवून ऐकला गेला. पुढे 2022 मध्ये पुण्यात आणि मुंबईत टॅपिंगबद्दल गुन्हे नोंदले गेले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते दोन्ही रद्द केले. आरोपात तथ्य किती, यात मी शिरत नाही. मला त्यातला कारकुनी प्रश्न महत्त्वाचा वाटतो: प्रस्तावात दहा आकडी नंबर असतो आणि शेजारी पोलिसांनी लिहिलेलं नाव. तो नंबर खरोखर त्याच नावावर आहे का, हे सही करण्याआधी कुणी पडताळतं का? कंपनीकडे ग्राहकाची नोंद असते, पडताळणीला पाच मिनिटं लागतील. पण ती पाच मिनिटं द्यायला बाहेरच्या कुणालाही या साखळीत जागा नाही.

एक जागा होती, ती कंपनीची. तिचा नोडल ऑफिसर, म्हणजे या कामासाठी नेमलेला माणूस, आदेशाचा कागद बघायचा आणि मग टॅपिंग सुरू करायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल दिलेल्या, राजकीय नेते अमर सिंग यांच्या प्रकरणात कळलं की टॅपिंगचं पत्र चक्क बनावट होतं. त्यात ठिकठिकाणी ढोबळ चुका होत्या, तरी कंपनीने त्यावर टॅपिंग सुरू केलं. न्यायालयाने कंपनीला खडसावलं की असा कागद आल्यावर खातरजमा करणं तुमचं काम होतं. आता केंद्राच्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टिममुळे यंत्रणेला कंपनीच्या माणसाकडे जायची गरजच कमी होत गेली आहे. वेग वाढला हे खरं, पण कागद वाचणारे बाहेरचे एक जोडी डोळेही गेले.

इथे मला मोक्क्याबद्दल सांगायचंय, कारण हे फार कुणाच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्राचा 1999 चा मोक्का म्हटलं की गँगस्टर, मोठी कोठडी, न मिळणारा जामीन हेच आठवतं. वकील म्हणून मीही त्याला कडकच म्हणतो. पण टॅपिंगपुरतं पाहिलं तर टोळीच्या म्होरक्याला मोक्क्यात जे संरक्षण आहे ते तुम्हा-आम्हाला दूरसंचार कायद्यात नाही. मोक्क्याखाली टॅपिंग मागणारा अधिकारी पोलिस अधीक्षक दर्जाचा हवा. त्याने अर्जात गुन्हा कोणता, फोन कुणाचा हे लिहायचंच, शिवाय तपासाचे दुसरे मार्ग वापरून पाहिले का, नसतील तर ते का चालणार नाहीत, हेही लिहायचं. पुनर्विलोकन समितीने प्रत्येक आदेश दहा दिवसांत तपासायचा. रेकॉर्डिंग पुराव्यात आणायचं तर खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला आदेशाची आणि त्यामागच्या अर्जाची प्रत द्यायची. परवानगीशिवाय ऐकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. आणि कलम 27: वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, याचा अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. राज्याच्या सुरक्षेला बाधक मजकूर तेवढा वगळता येतो.

मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये मोक्क्यातली टॅपिंगची कलमं राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2008 ला ती पुन्हा कायम केली. म्हणजे संघटित गुन्हेगारीशी लढणाऱ्या राज्याला लेखी कारण देणं, प्रत देणं आणि वर्षाचा आकडा सभागृहात सांगणं जमू शकतं, हे आपल्याच विधिमंडळाने पाव शतकापूर्वी मान्य केलंय. तेव्हा 'आकडा सांगितला तरी देशाची सुरक्षा धोक्यात येते' हे दिल्लीतून ऐकू आलं की मला ते पटत नाही.

माझं म्हणणं गुप्ततेच्या विरुद्ध नाही. टॅपिंग चालू असताना ज्याचा फोन ऐकायचा त्याला कळवणं हास्यास्पद आहे. अपहरणाच्या प्रकरणात मुलगा जिवंत परत आला तो अशाच टॅपिंगमुळे, हेही मी पाहिलंय. प्रश्न ते संपल्यानंतरच्या गुप्ततेचा आहे. आपल्याकडे ती कायमची असते. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी केलेलं टॅपिंग संपलं की सर्वसाधारणपणे 90 दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं आणि वर्षाचे आकडे छापले जातात. परवानगी मुळात न्यायाधीशाची असते. (हेरगिरीविरोधी टॅपिंगचा तिथला मार्ग वेगळा आणि बराच अंधारा आहे, तिकडचं सगळंच उजेडात आहे असं समजू नका.) आपल्याकडे फोन ऐकला गेला हे कळतं ते फक्त आरोपपत्र दाखल झालेल्याला. सहा महिने ऐकलं, काही सापडलं नाही, फाईल नष्ट केली, असा माणूस तक्रार घेऊन कुठेच जाऊ शकत नाही, कारण त्याला तक्रार आहे हेच ठाऊक नसतं. न्यायालयांपुढे त्यामुळे नेहमी लाचखोर, तस्कर, दहशतवादाचे आरोपी यांचीच टॅपिंगची प्रकरणं जातात. निर्दोष माणसाचं प्रकरण पोहोचतच नाही, आणि कायदा घडतो तो पोहोचलेल्या प्रकरणांवरून.

आता पुराव्याचं. जुना नियम पोलिसांच्या बाजूचा आहे. मुंबईच्या कॉरोनरवरच्या लाचेच्या खटल्यात, मलकानी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये म्हटलं की पुरावा गैरमार्गाने मिळाला तरी संबद्ध असेल तर चालतो. संसद हल्ल्याच्या खटल्यात 2005 मध्ये हीच भूमिका कायम राहिली. पण 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि जमीन थोडी हलली. 22 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. रणजित मोरे, न्या. एन. जे. जमादार) एका व्यावसायिकाविरुद्धचे टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. आरोप होता बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा. त्यात सार्वजनिक सुरक्षा कुठे आली, असा साधा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. महाराष्ट्रातल्या वकिलासाठी हा निकाल आजही सगळ्यात कामाचा आहे. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयही त्याच वाटेने गेलं, तर दिल्ली उच्च न्यायालयाने उलट म्हटलं की मोठा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षेत बसू शकतो. तेव्हा सर्वोच्च न्यायालय निकाल देईपर्यंत तुमची केस कुठल्या राज्यात आहे यावर बरंच अवलंबून राहील.

प्रत्यक्ष केस झालीच तर ट्रान्सक्रिप्टमध्ये काय लिहिलंय यावर आधी डोकं फोडू नका. बहुतेक जण तेच करतात आणि 'साहेब, मी असं बोललोच नव्हतो' यात सुनावण्या जातात. आधी आदेश मागा. सही कुणाची, तारीख कोणती, कारण छापील साच्यातलं आहे की तुमच्या प्रकरणाचं, 60 दिवस संपल्यावर मुदतवाढ वेळेत झाली का, मधले काही दिवस विनापरवाना ऐकलं गेलं का, समितीचा निर्णय कुठे आहे. मी पाहिलेल्या कित्येक फाईलींत आदेशाचा मजकूर शब्दशः एकच असतो, फक्त नंबर आणि तारीख बदललेली. उलटतपासणीत गृह विभागाच्या साक्षीदाराला शेजारीशेजारी ठेवलेले असे दोन आदेश दाखवले की तो बराच वेळ चष्मा पुसत राहतो. त्यानंतर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाईल नंतर बदलली का हे दाखवणारा आकडा) पाहा, आवाजाचे नमुने कसे घेतले ते पाहा. मजकुराचं सगळ्यात शेवटी.

केस नसताना खात्री कशी करायची, याचं उत्तर निराश करणारं आहे. माहिती अधिकारात 'माझा फोन टॅप होतो का' असं विचारलंत तर देशाच्या सुरक्षेची माहिती वगळणारं कलम 8(1)(अ) दाखवून नकार येईल. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही डिसेंबर 2023 मध्ये अशा माहितीला नकार देणं योग्य ठरवलं. नुसते एकूण आकडे मागणाऱ्या एका अर्जदाराला केंद्रीय गृह मंत्रालयाने बरीच वर्षं झुलवून 2022 मध्ये कळवलं की नोंदी नियमाप्रमाणे नष्ट होतात. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेला नष्ट करण्याचा नियम असा सरकारच्या सोयीला आला. पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण गाजलं, तेव्हा 27 ऑक्टोबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून न्यायालय मागे हटणार नाही असं बजावलं, समिती नेमली. ऑगस्ट 2022 मध्ये कळलं ते इतकंच: तपासलेल्या 29 फोनपैकी 5 मध्ये मालवेअर होतं, ते पेगॅससच होतं असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि केंद्राने सहकार्य केलं नाही. 31 ऑक्टोबर 2023 ला प्रियंका चतुर्वेदींसह काही विरोधी नेत्यांना 'सरकारपुरस्कृत हल्लेखोर तुमच्या फोनच्या मागे असू शकतात' असा इशारा आला, तोही फोन बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडून. कुठलं सरकार, हे कंपनीने सांगितलं नाही.

तरी तुम्ही काही गोष्टी जरूर करा. निरीक्षक नेमकं काय म्हणाले, कुठे, कधी, कोण हजर होतं, हे आजच लिहून ठेवा आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. पुढे उच्च न्यायालयात रिट करायची वेळ आली तर नुसत्या संशयावर याचिका उभी राहत नाही, असा कागद लागतो. सरकारी वकील फक्त न्यायाधीशांनीच वाचायचा सीलबंद लिफाफा पुढे करतील. तेव्हा मीडियावन वाहिनीच्या प्रकरणातला 5 एप्रिल 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाच्या हाती द्या. राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही आणि लिफाफ्याने समोरच्या पक्षाचा बचावाचा हक्क मारला जातो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या नंबरबद्दल करू नका. राज्याच्या गृह विभागाला आणि मुख्य सचिव कार्यालयाला एवढंच विचारा: मागच्या दोन वर्षांत पुनर्विलोकन समितीच्या बैठका किती झाल्या, कोणत्या तारखांना, आणि तिने किती आदेश रद्द केले. यात कुणाचं नाव नाही, नंबर नाही. नकार आला तरी तो लेखी येईल आणि अपिलात त्यांना कारण द्यावं लागेल.

आणि तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांकडे जा. मोक्क्याच्या कलम 27 खालचा टॅपिंगचा वार्षिक अहवाल सभागृहात शेवटचा कधी ठेवला गेला, हा तारांकित प्रश्न त्यांना टाकता येतो. सत्ताधारी पक्षाचे असले तरी विचारा, त्यांचेही फोन आहेतच.